हलकं तितकं भारी

एका उभ्या सुळक्याच्या अगदी पायाशी कातळवाडी नावाचं गाव आहे. या गावात खेमा नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगानं दांडगा, कामाला वाघ, मनानं निर्मळ. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखं करायचा. गावाला धास्ती होती ती त्याचीच.

एकदा हौसाकाकी म्हणाली, "खेमा, दुधावर नजर ठेव रे." खेमानं नजर ठेवली. दूध वर आलं, उतू गेलं, चुलीत गेलं, चूल विझली. खेमाची नजर पातेल्यावरून हलली नाही. काकीनं विचारलं तर म्हणाला, "सगळं नीट बघितलं काकी. एक थेंब नजरेतून सुटला नाही."

हौसाकाकीचा नवरा म्हणजे बुधाजीकाका. तरुणपणी काका सुळक्यावर मध काढायला चढायचा. आता गुडघे धरले होते, पण शहरातून चढाईला माणसं यायची त्यांना वाट दाखवायची, दोर बांधून द्यायचे, हे काम त्यानं गावातल्या पोरांना शिकवलं होतं. खेमा त्याच्याच घरी राबायचा. काकानं एकदा तरी पाठीवर थाप मारून "शाबास" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्या हिवाळ्यात पुण्याच्या शिखरवेडे मंडळाचा निरोप आला. कातळवाडीला शिबिर घ्यायचं म्हणतो, जागा आणि व्यवस्था पसंत पडली तर दरवर्षी तिथंच घेऊ. गाव हरखलं. दरवर्षी शिबिर म्हणजे पोरांना घरबसल्या काम, बायांना रांधायचं काम, मुंबईला हमाली करायला जायला नको. पण मंडळाची अट होती, की वाटाड्यांकडे धड दोर हवा आणि अंगात धड जॅकेटं हवीत.

भाताची झोडणी चालू होती. कुणालाच उसंत नव्हती. शेवटी काकानं खेमाला समोर बसवलं.

"हे बघ, पुण्याला मगनशेठच्या दुकानात जा. एक दोर आण, चार जॅकेटं आण. नावाला भुलू नको. एकच वस्तू दहा नावांनी दहा भावांना विकतात. तोलूनमापून घे. पैशाच्या मानानं माल मिळाला पाहिजे."

"तोलून?"

"तोलून."

"आणि मापून?"

"अरे हो बाबा, तोलून आणि मापून!"

खेमानं काकीचा तराजू घेतला, धान्याचं मापटं घेतलं आणि पुण्याची एसटी धरली.

दुकानाच्या काचेत एक माणूस जॅकेट घालून उभा होता. खेमा म्हणाला, "रामराम." माणूस बोलला नाही. खेमा बराच वेळ थांबला. मग शहरातली माणसं अशीच असं म्हणून आत गेला. तराजू काउंटरवर ठेवला.

"जॅकेट दाखवा शेठ."

मगनशेठनं एक निळं जॅकेट काढलं. "हे परदेशी. नाव ऐकूनच गिऱ्हाईक खाली बसतं."

खेमा खाली बसला नाही. त्यानं जॅकेट पारड्यात टाकलं. पारडं हललंसुद्धा नाही. मग मापट्यात कोंबलं. अख्खं जॅकेट मापट्यात मावलं, वर शीगसुद्धा आली नाही.

"एवढ्या पैशात मापटंभर पण नाही?"

"अरे, हीच तर खुबी आहे!"

"खुबी कोणत्या पारड्यात घालायची?"

शेठनं कपाळाला हात लावला. खेमा बाहेर पडला. शेजारी लोखंडाचं दुकान होतं. तिथं त्यानं नुसता हात लावून बघितला आणि त्याचा चेहरा उजळला.

संध्याकाळी तो गावात आला तो वाकून. पाठीवर भलीमोठी लोखंडी साखळी आणि ट्रकवर घालायच्या ताडपत्रीचे चार कोट.

"दोर कुठाय?" काकानं विचारलं.

"दोरापेक्षा साखळी दसपट भरली काका. त्याच पैशात!"

"अरे शहाण्या, ही घेऊन सुळक्यावर चढायचं, का सुळका बांधून ठेवायचा?"

खेमानं सुळक्याकडं बघितलं. "पळून जातो का काका तो?"

काकानं डोकं धरलं. "ऐक. डोंगराच्या कामात सगळं उलटं असतं. जितकं हलकं तितकं भारी! कळलं?"

"चुकलं काका. आता ध्यानात ठेवीन."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं. खरी अडचण तीच होती.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. काकी म्हणाली, "खेमा, शिबिराच्या जेवणाला एक पोतं तांदूळ आण. पाव्हणे शहरातले आहेत, भारीतला आण."

व्यापाऱ्यानं आंबेमोहोर दाखवला. खेमानं पोतं उचलून बघितलं. जड. इंद्रायणी दाखवला. तोही जड. कोपऱ्यात एक फुगलेलं पोतं होतं. खेमानं ते एका हातानं उचललं, डोक्यावर घेतलं, खाली आणलं.

"हेच. हे सगळ्यात भारी!"

"अरे, चुरमुरे आहेत ते."

"तांदळाचेच ना?"

"तांदळाचेच."

"मग झालं तर."

काकीनं पोत्याचं तोंड सोडलं आणि मटकन खाली बसली. "आता पाव्हण्यांना काय भेळ घालू पंगतीला?" थोड्या वेळानं तिचा राग निवला. ती म्हणाली, "बाबा रे, तू आपलं डोकं चालवू नकोस. दुकानदाराला विचारायचं, माल कसा आहे, कसा जपायचा. तो सांगेल तसं करायचं."

"चुकलं काकी. ध्यानात ठेवीन."

साखळी आणि कोट परत करून खेमा पुन्हा मगनशेठकडे गेला. या खेपेला तराजू नव्हता. हात जोडून म्हणाला, "शेठ, तुम्ही द्याल ते घेतो. फक्त माल कसा आहे आणि कसा जपायचा ते सांगा."

शेठला असं गिऱ्हाईक जन्मात मिळालं नव्हतं. त्यानं दोर बांधून दिला, चार जॅकेटं पुढं ठेवली आणि एकावर मायेनं हात फिरवला. "हे साधं कापड नाही बरं. हे श्वास घेतं."

"कापड?"

"हां. आतला घाम बाहेर सोडतं, बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही. फक्त कोंडून ठेवू नकोस. गुदमरतं बिचारं."

खेमानं जॅकेटला कान लावला. काही ऐकू आलं नाही. झोपलं असेल, असं त्याला वाटलं.

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. खेमानं दोर मांडीवर घेतला आणि चारही जॅकेटं खिडकीबाहेर धरली. वाऱ्यानं ती टरारून फुगली. खेमाला बरं वाटलं.

कंडक्टर ओरडला, "ए, हात आत घे!"

"जॅकेटांना हवा पाहिजे."

"आजारी आहेत का?"

"नाही, श्वास घेतात."

कंडक्टरनं डोकं खाजवलं. "श्वास घेत असतील तर अर्धं तिकीट पडेल प्रत्येकी."

खेमानं निमूट काढलं.

घाटात बाभळीची एक फांदी रस्त्यावर आली होती. तिनं दोन जॅकेटं ठेवून घेतली. उरलेली दोन घेऊन खेमा घरी आला, आणि काकाला सगळं खरं खरं सांगितलं. तिकिटाचंसुद्धा.

काकानं "पुढच्या दोघांपुरती तरी झाली" म्हणत उरलेली जॅकेटं खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "बाजारातनं आणलेली वस्तू पिशवीत कोंबायची. तोंड आवळून बांधायचं. आणि घरी येईस्तोवर वर बसायचं! उघड्यावर काही आणायचं नाही."

"चुकलं काका. ध्यानात ठेवीन."

शिबिर दोन दिवसांवर आलं. काकीनं त्याला पलीकडच्या वाडीत कोंबड्या आणायला पाठवलं. खेमानं कोंबड्या पिशवीत कोंबल्या, तोंड आवळून बांधलं, बैलगाडीत पिशवी ठेवली आणि वर बसला. पिशवी आधी खूप बोलत होती. ओढ्यापर्यंत कमी बोलली. देवळापाशी गप्प झाली. समजूतदार आहे, असं खेमाला वाटलं.

काकीनं पिशवी अंगणात उलटी केली. कोंबड्या निपचित पडल्या. एकीनं डोळा उघडला, खेमाला बघितलं आणि परत मिटला. काकीनं पाणी शिंपडलं, पदरानं वारा घातला, तेव्हा कुठं त्या उठून लटपटत चालायला लागल्या.

"अरे, जीव आहे ना त्यांना!" काकी कडाडली. "पिसं असलेलं काही घरी आलं ना, की अंगणात मोकळं सोडायचं. चार दाणे टाकायचे. वाटीत पाणी ठेवायचं. एवढं तरी कळतं का?"

"आता कळलं काकी."

शिबिराच्या आदल्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष टिपणीससाहेब आणि उपाध्यक्ष कुलथेसाहेब गाडीतून उतरले. टिपणीससाहेबांच्या टोपीपासून मोज्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर तिच्या कंपनीचं नाव होतं. लांबून बघितलं तर वाटायचं, जाहिरातींचं पान चालत येतंय. त्यांना कुठल्याही सुळक्यावर चढलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण काय घालून चढावं, यावर त्यांचाच शब्द शेवटचा. कुलथेसाहेबही हुबेहूब तसेच दिसायचे. फक्त त्यांच्या टोपीवरच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं.

दोघं पुण्यापासून भांडत आले होते.

"कुलथे, स्वस्त घेणारा दोनदा घेतो."

"साहेब, महाग घेणारा एकदाच घेतो, कारण दुसऱ्यांदा घ्यायला त्याच्याकडे उरत नाही."

"माझं जॅकेट उणे वीस अंशात चालतं."

"इथं उणे वीस कुठं आहे? घामानं थबथबलायत तुम्ही."

"दर्जासाठी घाम गाळावा लागतो!"

मग दोघांनी आपापली फुगीर जॅकेटं काढून खेमाच्या हातात दिली. टिपणीससाहेब म्हणाले, "नीट सांभाळ हं. अस्सल बदकाची पिसं आहेत आत."

"पिसं?" खेमानं विचारलं.

"शंभर टक्के."

"माझ्यातही आहेत," कुलथेसाहेब घाईनं म्हणाले.

खेमानं दोन्ही जॅकेटं अंगणात मोकळी सोडली. वर दाणे टाकले. शेजारी वाटीत पाणी ठेवलं. जॅकेटं जागची हलेनात. नवी जागा आहे, बुजली असतील, म्हणून तो हळूच आत गेला.

दाणे बघून कोंबड्या आल्या. दाणे संपले, तरी चोची थांबल्या नाहीत. थोड्या वेळानं काका दोघा साहेबांना घेऊन बाहेर आला तर अंगणात पांढरीशुभ्र पिसं भुरभुरत होती आणि टिपणीससाहेबांच्या जॅकेटची नुसती कातडी उरली होती.

काकाला वाटलं, संपलं, गेलं शिबिर! तो हात जोडून काही बोलणार, तेवढ्यात टिपणीससाहेबांची नजर दुसऱ्या जॅकेटवर गेली. कुलथेसाहेबांचं जॅकेट जसंच्या तसं पडलं होतं. फक्त एका जागी चोचीनं भोक पडलेलं, आणि त्यातून गादीतला स्पंज डोकावत होता. कोंबड्या त्याला ओलांडून चालल्या होत्या.

टिपणीससाहेबांचा चेहरा फुलला.

"बघितलंत कुलथे? तुमच्या जॅकेटला कोंबडी चोच लावून परत फिरली! माझं शेवटच्या पिसापर्यंत खाल्लं. अस्सल ते अस्सल!"

कुलथेसाहेब म्हणाले, "पण साहेब, थंडीत घालायला शिल्लक माझंच राहिलं."

"मुद्दा शिल्लक राहण्याचा नाहीये! मुद्दा दर्जाचा आहे!"

रात्री टिपणीससाहेब घोंगडीत कुडकुडत झोपले, पण अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे.

काका मात्र धास्तावला होता. सकाळी खेमाला त्यानं डोळ्यांसमोर ठेवलं आणि पहिल्या टप्प्यावर दोर बांधायला बरोबर नेलं. तिथं खेमाच्या हातून दोर अडकवायची एक कडी निसटली आणि खणखणत खाली गेली. खेमा धावत उतरला, कडी घेऊन परत आला.

"काका, काही झालं नाही. धड आहे."

"वरनं धड दिसते रे!" काका म्हणाला. त्याला वाटलं, आता हे नीटच समजावून सांगावं, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. "उंचावरनं पडलेली वस्तू वरनं धड दिसते, आतनं तडा गेलेला असतो. तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. वस्तू स्वतः तोंडानं म्हणाली ना, की मी धड आहे, तरी ऐकायचं नाही! लाल फडकं बांधायचं, बाजूला काढायची आणि दुकानात बदलायला पाठवायची. यात हयगय झाली तर माणूस मरेल. कळलं?"

खेमाचे डोळे पाणावले. इतकं महत्त्वाचं काम काकानं त्याला कधी सांगितलं नव्हतं. "कळलं काका. जीव गेला तरी हयगय करणार नाही."

काका पोरांना घेऊन वरच्या टप्प्यावर गेला. खाली माळावर उद्घाटन सुरू झालं. मंडळाची सगळी माणसं सतरंजीवर बसली होती. कार्यक्रम असा होता, की आधी अध्यक्षांचं भाषण, मग जखमी माणसाला डोंगरातून कसं न्यायचं याचं प्रात्यक्षिक, मग चढाई. प्रात्यक्षिकासाठी पट्ट्यांची झोळी बाजूला आणून ठेवली होती.

टिपणीससाहेब भाषणाला एका मोठ्या धोंड्यावर चढले. आयुष्यातली त्यांची ही पहिलीच चढाई. त्यांनी एक पाय उचलून सगळ्यांना बुटाचा तळ दाखवला.

"मित्रहो, हा तळ बघा. बाजारात पन्नास कंपन्यांचे बूट मिळतात. पण हा तळ कातळाला पालीसारखा चिकटतो. हा बूट घालून माणूस घसरूच शक..."

आणि साहेब धोंड्यावरून नाहीसे झाले.

मागं पेंढ्याची गंजी होती म्हणून निभावलं. साहेब पेंढ्यातून डोकं बाहेर काढून लगबगीनं म्हणाले, "काही झालं नाही! मी अगदी धड आहे!"

खेमाच्या अंगावर सर्रकन काटा आला. वस्तू स्वतः तोंडानं बोलली होती.

त्यानं कमरेचं लाल फडकं सोडलं आणि साहेबांच्या गळ्यात बांधलं. साहेब म्हणाले, "हे काय?" खेमानं ऐकलं नाही. साहेबांना उचललं, झोळीत घातलं, आणि पट्टे एकेक करून आवळले, काकानं शिकवलं होतं तसे.

"अरे, सोड मला! मी धड आहे म्हणतो ना!"

"सगळे असंच म्हणतात साहेब," खेमा हळुवारपणे म्हणाला.

सतरंजीवरच्या माणसांना वाटलं, प्रात्यक्षिक सुरू झालं. टाळ्या पडल्या. निवेदन करणाऱ्या बाई ध्वनिक्षेपकावरून सांगू लागल्या, "आता बघा, जखमी व्यक्ती अशीच आरडाओरडा करते. आपण गोंधळून जायचं नाही. अध्यक्षांनी काय हुबेहूब अभिनय केलाय!" साहेबांनी शिव्या दिल्या. आणखी टाळ्या पडल्या.

रस्त्यावर कोबीचा टेम्पो पुण्याला निघाला होता. खेमानं झोळी कोबीवर अलगद ठेवली. ड्रायव्हरला म्हणाला, "मगनशेठच्या दुकानात उतरव. म्हणावं, उंचावरनं पडलाय, आतनं तडा गेलाय, बदलून द्या." ड्रायव्हरला भाडं मिळाल्याशी काम. टेम्पो वळणाआड गेला.

इकडं कुलथेसाहेबांनी इकडंतिकडं बघितलं, घसा साफ केला आणि धोंड्याच्या खाली, जमिनीवर उभं राहून भाषण केलं. फार लहान केलं. गाव चांगलं आहे, दोर चांगला आहे, दरवर्षी इथंच येऊ, म्हणाले. मग सगळे चढाईला गेले आणि दिवस फार छान गेला.

दुपारी पंगत बसली. काका पोरांना घेऊन खाली आला. दरवर्षी शिबिर म्हटल्यावर गावच्या बाया ताटं वाढताना गुणगुणत होत्या. काकाच्या मनावरचा धोंडा उतरला. त्यानं खेमाच्या पाठीवर हात ठेवला. "आज एक चूक नाही झाली तुझ्या हातनं! शाबास!"

खेमाचा ऊर भरून आला.

"पण अध्यक्षसाहेब दिसेनात कुठं?" काकानं विचारलं.

"ते पडले काका. धड आहे म्हणत होते. मी ऐकलं नाही. लाल फडकं बांधलं आणि दुकानात बदलायला पाठवले."

काकाच्या हातातला घास हातात राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडून मगनशेठ ओरडत होता, तो आख्ख्या पंगतीला ऐकू गेला.

"अहो बुधाजी! कोबीच्या टेम्पोतून एक माणूस आणून टाकलाय माझ्या दारात! गळ्यात लाल फडकं! ड्रायव्हर म्हणतो, बदलून द्या. अहो, पडलेला माल मी परत घेत नाही! आणि हा तर माझ्याकडचा नाहीच!"

काकानं फोन कानापासून लांब धरला. खेमाला त्याची दया आली. त्यानं हलकेच काकाच्या हातातून फोन घेतला आणि शेजारी जेवत बसलेल्या कुलथेसाहेबांकडं एकदा नीट निरखून बघितलं.

"शेठ," तो म्हणाला, "तसला अध्यक्ष तुमच्याकडं नसेल तर राहू द्या. त्याच भावात दोन उपाध्यक्ष पाठवा."